बिझनेस विषयाच्या वर्गात टीचरना नक्की काय हवं असतं, कुठल्या सवयी लावून घेऊ?

तू लिहिलंयस की शाळेत पहिल्यांदाच बिझनेस विषय घेतलाय, पहिल्याच तासाला टीचरनी नियमांचा भलामोठा कागद हातात दिला आणि आता यातलं खरंच काय मनावर घ्यायचं ते कळत नाहीये. मी हाच विषय शाळेत शिकवते, त्यामुळे सवयीने तू म्हणतेय, राग मानू नकोस.

वेळेवर या, मोबाईल बंद ठेवा हे सगळ्याच विषयांत असतं, ते सोड. आमच्याकडे वेगळं आहे ते एवढंच की तुझं काम दुसऱ्याला तुला न विचारता तपासता आलं पाहिजे. अकाउंट्सचं कामच तसं चालतं ना, नोंद एक जण करतो, तपासतो दुसरा, आणि वर्ष संपलं की ऑडिटर येऊन विचारतो हा आकडा आला कुठून, दाखवा.

म्हणून नुसतं उत्तर बरोबर आलं की मुलं मार्कांसाठी भांडतात तेव्हा माझी पंचाईत होते. समज स्थिर खर्च, म्हणजे नग कितीही विकले तरी तेवढाच राहणारा, 12000 आहे, नग विकला जातो 50 ला आणि दर नगामागे बदलता खर्च 30, तर ब्रेक-इव्हनला, म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला, किती नग विकावे लागतील? एक मुलगा फक्त 600 लिहून मोकळा. दुसरीने लिहिलं 50 वजा 30 बरोबर 20, मग 12000 भागिले 20 बरोबर 60, म्हणजे एक शून्य खाल्लं. मी दुसरीला जास्त मार्क देते, कारण तिचं कुठे चुकलं ते मला आणि तिलाही दिसतंय, पहिल्याचं 600 म्हणजे नग की पैसे हेसुद्धा कळत नाही, शेजारच्या पेपरातून आलं असेल तर तेही कळत नाही!

आता सवयी. नोंद त्याच दिवशी करायची. ही काही माझी शिस्त नाही, लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं 1494 मध्ये व्हेनिसला छापलेलं पुस्तक आहे त्यात दुहेरी नोंद पद्धत सांगितलीय, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा, एकात डेबिट, एकात क्रेडिट, त्यातसुद्धा तीन वह्या आहेत, आधी व्यवहार झाला की लगेच टिपायची कच्ची वही, मग जर्नल, म्हणजे तारखेवार नोंदी, मग लेजर, म्हणजे त्याच नोंदी खात्याखात्यानुसार. घरचा अभ्यास म्हणून दिलेल्या आठवडाभराच्या नोंदी रविवारी रात्री एका दमात करणारी मुलं मला वहीवरूनच ओळखू येतात, एकाच पेनाची शाई आणि शेवटच्या पानावर घसरत गेलेलं अक्षर.

ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट आणि क्रेडिट बाकींची यादी, टॅली झाला नाही, दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, की लगेच सगळं खोडू नकोस. आधी फरक बघ. फरकाला 9 ने भाग गेला तर बहुतेक आकडे उलटसुलट झालेत, 540 चे 450 लिहिले की फरक 90 येतो. भाग गेला नाही तर फरक निम्मा कर, 700 चा फरक असेल तर 350 ची एखादी रक्कम चुकून पलीकडच्या बाजूला बसलीय का शोध. पाच मिनिटांत सापडतं कधीकधी, आणि सापडलं की जो आनंद होतो तो वेगळाच. पण टॅली झालं म्हणजे सगळं बरोबर असं नाही हं, एखादा व्यवहार अख्खाच लिहायचा राहिला तरी दोन्ही बाजू छान जुळतात. म्हणून बिलं एकेक करून नोंदींशी टिक मारत जायचं, कंटाळवाणं आहे पण दुसरा इलाज नाही.

कॉम्प्युटरवर करत असशील तर बेरजेच्या जागी कॅल्क्युलेटरवरून आकडा टाईप करू नकोस, फॉर्म्युलाच घाल, नाहीतर वरचा एक आकडा बदलला की खालचं सगळं तसंच खोटं राहतं. फाईलच्या नावात तारीख टाक, 'फायनल', 'फायनल खरंच', 'फायनल 3' असल्या फायली आल्या की मी उघडतच नाही, परत पाठवते.

टक्केवारी लिहिताना कशाची ते लिही. 80 ला घेऊन 100 ला विकलं तर नफा खरेदीवर 25 टक्के आणि विक्रीवर 20 टक्के, दोन्ही बरोबर, पण नुसतं 'नफा 25 टक्के' लिहिलं तर मी मार्क कापणारच.

ग्रुप प्रोजेक्टची तक्रार दरवर्षी ठरलेली, एकानेच केलं बाकीच्यांनी नाव लावलं. यावर उपदेश काही चालत नाही, पहिल्याच दिवशी कोण काय करणार आणि कधीपर्यंत ते एका कागदावर लिहा, सगळ्यांनी सही करा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका. भांडण झालं तर टीचरकडे तो कागद न्यायचा, रडारड नाही.

आणि डाऊट विचारायला 'मॅडम, काहीच कळलं नाही' असं म्हणत येऊ नकोस, जिथपर्यंत जमलं तिथपर्यंत सोडवून वही उघडून समोर ठेव, कुठल्या ओळीला अडलंय ते बोट ठेवून दाखव. अशा मुलांसाठी मधल्या सुट्टीतसुद्धा थांबायला मला काही वाटत नाही.