ज्यू मुलांच्या रविवारच्या शाळेत पुरिम आणि पेसाखला काय काय करतात?

तुम्ही विचारलंय की सात वर्षांच्या लेकीला तिच्या ज्यू मैत्रिणीच्या सिनेगॉगमधून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातून, पुरिमच्या जत्रेचं आमंत्रण आलंय, पुढे पेसाखच्या वर्गालाही बोलावणार आहेत, तर तिथे काय असतं आणि पाठवावं का. जरूर पाठवा, आणि जमलं तर स्वतःही जा.

मी अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. गेली बारा वर्षं न्यू जर्सीतल्या एका सिनेगॉगच्या रविवारच्या शाळेत तुमच्या लेकीच्याच वयाच्या मुलांना शिकवते.

पुरिम ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या चतुर्दशीला येतो, म्हणजे बहुतेकदा आपल्या होळीच्या आसपास. माझी आजी त्याला 'होळीचा सण'च म्हणायची. त्या दिवशी एस्तेर राणीची गोष्ट गुंडाळीवरून मोठ्याने वाचतात. राजाचा प्रधान हामान सगळ्या ज्यूंना मारायचा बेत करतो आणि एस्तेर तो हाणून पाडते. वाचताना हामानचं नाव आलं की मुलांनी खुळखुळे, कर्कश फिरक्या वाजवून ते बुडवून टाकायचं. पाय आपटायचे, ओरडायचं. प्रार्थनेच्या जागी इतका गोंगाट करायची परवानगी नव्हे, आज्ञाच असते, त्यामुळे लाजरी मुलंसुद्धा दहा मिनिटांत खुलतात. वर्गात आम्ही हे खुळखुळे घरचेच करतो: रिकाम्या डब्यात वाल किंवा राजमा घालायचा, तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. एक गोष्ट तुमच्या लेकीला आवर्जून सांगा. या ग्रंथाच्या पहिल्याच वचनात राजाचं राज्य 'होदूपासून कूशपर्यंत' १२७ प्रांतांवर होतं असं आहे, आणि होदू म्हणजे हिंदुस्थान. मी हे सांगितलं की वर्गातली मुलं माझ्याकडे वळून बघतात.

जत्रेत सोंगं घेतात. कुठलाही वेष चालतो. खेळ, बक्षिसं आणि खसखस किंवा जॅम भरलेल्या तिकोनी बिस्किटांची चंगळ असते. पण माझ्या मते खरा पुरिम टेबलावर भरल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये आहे. प्रत्येकाने किमान एकाला दोन खाद्यपदार्थ पाठवायचे आणि किमान दोन गरजूंना दान द्यायचं, असा नेम आहे. आमची मुलं पुड्या बांधून आजारी आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारी नेतात. लेकीबरोबर थोडी चिल्लर द्या, दानपेटीत टाकायला तिला आवडेल.

महिन्याभराने पेसाख, मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय तो. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. निघताना पीठ फुगायलाही वेळ नव्हता, म्हणून या दिवसांत खमीर वर्ज्य. आमच्याकडे मुलांना सगळ्यात प्रिय दिवस मात्सा करण्याचा, म्हणजे बेखमीर भाकरीचा. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत भाकरी भाजून झाली पाहिजे. मी घड्याळ लावते आणि धावपळ सुरू होते: मळा, लाटा, काट्याने टोचा, भट्टीकडे पळा. अर्ध्या भाकऱ्यांना आकार नसतो, काही करपतात, पण घाईत निघणं म्हणजे काय ते त्यांच्या हातांना कळतं. मग खमिराचा शोध. खरा शोध सणाच्या आदल्या रात्री घरी मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन करतात. वर्गात दिवे मालवून बॅटरीच्या उजेडात लपवलेले पावाचे दहा तुकडे शोधायचे.

शेवटच्या रविवारी सेदेरची, म्हणजे पेसाखच्या रात्रीच्या जेवणाची तालीम. कष्टांची आठवण म्हणून कडू पाला, अश्रूंसाठी मिठाचं पाणी, गुलामीत घडवलेल्या विटांच्या चिखलासाठी हारोसेत हे गोड चाटण. इथे ते सफरचंद, दालचिनी, अक्रोडाचं करतात. मी खजूर उकळून, गाळून, आटवून आमच्या पद्धतीचंही नेते, आणि माझं भांडं नेहमी आधी रिकामं होतं. सर्वांत लहान मूल 'ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का?' हे गाऊन विचारतं. ते विचारत नाही तोवर गोष्ट पुढे जात नाही. हग्गादा या ज्या पोथीमधून ही गोष्ट वाचतात तिची मराठी आवृत्ती पुण्यात १८७४ साली छापली होती. तिच्यातलं मात्सा भाजणाऱ्या बायकांचं चित्र मी मुलांना दाखवते.

एकच गोष्ट मला पटत नाही. काही ठिकाणी, गुलामांना सोडावं म्हणून देवाने इजिप्तवर आणलेल्या दहा आपत्तींची खेळणी वाटतात: प्लॅस्टिकचे बेडूक, टोळ. बेडकांपर्यंत ठीक आहे. पण प्रत्येक आपत्तीचं नाव घेताना आपण पेल्यातला एकेक थेंब बाहेर काढतो, कारण शत्रूच्या दुःखात आपला आनंद पूर्ण भरलेला नसावा. माझ्या वर्गात द्राक्षरसाचे दहा थेंब शांतपणे ताटलीत पडतात, आणि तेव्हा कोणी हसत नाही.

खाऊ पाठवायचा तर घरी केलेला नको, कोशेरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसत असल्याचा, शिक्का असलेला बंद पुडा घ्या, आणि सुक्या मेव्याचं आधी विचारा, कारण बऱ्याच वर्गांत त्याला बंदी असते. पेसाखच्या आठवड्यात पाव, बिस्किटं, केक चालत नाहीत. आम्ही बेने इस्राएल तेव्हा भात खातो, पण युरोपातून आलेली बरीच कुटुंबं खात नाहीत. म्हणून त्या आठवड्यात फळंच न्या. संत्री सगळ्यांना चालतात.