वाचकांचे प्रश्न : युद्ध काळ्या समुद्रात, झळ गुहागरात

प्रश्न : आमच्याकडे वर्षभराचे भात घरच्या शेतात पिकते, मासळी बंदरावर मिळते आणि गहू पोळीपुरताच विकत आणावा लागतो. तरीही रशिया-युक्रेन युद्ध सुरू होताच आमचे वाण्याचे बिल का वाढले? जगात धान्य खरोखरच कमी पडले होते का?
– एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. जगातला गहू संपला नव्हता, त्याची वाट अडली होती. जगात पिकणाऱ्या गव्हापैकी जेमतेम पाव भाग परदेशी विकला जातो आणि त्यातलाही पाव हिश्श्याहून अधिक गहू युद्धापूर्वी रशिया आणि युक्रेन हे दोनच देश पुरवत होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटले, काळ्या समुद्रावरील युक्रेनची ओडेसाच्या परिसरातील बंदरे बंद पडली, समुद्रात सुरुंग आले आणि जहाजांचा विमा परवडेनासा झाला. पावसाळी मासेमारीबंदीत समुद्रात मासळी असूनही बाजारात ताजे पापलेट दिसत नाही, तशीच ही गत होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा खाद्यदर निर्देशांक त्याच मार्चमध्ये तोवरच्या उच्चांकावर गेला. इजिप्त आणि लेबनॉनसारख्या, रोजच्या भाकरीसाठी याच गव्हावर विसंबलेल्या देशांचे त्यात सर्वाधिक हाल झाले.

तुमचे बिल मात्र मुख्यतः तेलाने वाढवले. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि सूर्यफूल तेलाचा आपला सर्वांत मोठा पुरवठादार युक्रेन होता. ते अडताच सगळ्यांनी पामतेलाकडे धाव घेतली, तोच एप्रिलअखेर इंडोनेशियाने स्वतःच्या बाजारातील भाव आवरण्यासाठी पामतेलाची निर्यात सुमारे साडेतीन आठवडे थांबवली. माझ्या मते युद्धाइतकेच नुकसान अशा घाबरून घातलेल्या बंद्यांनी केले.

घरच्या भातालाही युद्धाचा धागा जोडलेला आहेच. चारसूत्री पद्धतीने लावणी करताना चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध आपण युरिया-डीएपी खताची जी ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोचतो, तिच्यातला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि तो वायू आपण मोठ्या प्रमाणावर आयात करतो. युरियाच्या गोणीचा भाव सरकारने बांधलेला असल्यामुळे ही महागाई दुकानात दिसली नाही. ती सरकारी तिजोरीवर पडली आणि २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले.

जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला झालेल्या करारामुळे युक्रेनच्या बंदरांतून वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडले. १७ जुलै २०२३ रोजी रशियाने त्यातून अंग काढून घेतले. पुढे युक्रेनने आपल्या किनाऱ्यालगत स्वतंत्र मार्ग उघडला, म्हणून भाव पुन्हा २०२२ इतके भडकले नाहीत.

यात आपण केवळ झळ सोसणारे नव्हतो, हेही नोंदवले पाहिजे. मार्चच्या उष्म्याने गव्हाचे पीक घटल्यावर भारताने मे २०२२ मध्ये त्याची आणि पुढे जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ निर्यातीतला सुमारे चाळीस टक्के वाटा आपला असल्याने, तांदूळ विकत घेऊन खाणाऱ्या पश्चिम आफ्रिकेतील कुटुंबांना तुमचाच प्रश्न भारताबद्दल पडला असेल. तांदळावरील ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली.