ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारी ‘अस्सल यीशिंग’ किटली खरी असते का?

तुम्ही विचारलंय की आठ-नऊशे रुपयांत दिसणारी ‘अस्सल, हातानं घडवलेली’ चिनी किटली घ्यावी का, आणि माल ओळखायचा कसा. अस्सल म्हणून घेऊ नका. किटली म्हणून घ्यायची असेल तर जरा बघून घ्या.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे चिनी माती म्हणजे लोणच्याची बरणी, कपबशी. ही ती नव्हे. ही झिशा माती, चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंग शहराकडची. खडकासारखी खणून काढतात, दळतात, मुरवतात. भांड्याला झिलई नसते. रंग जांभळट तपकिरी, विटकरी नाहीतर फिकट पिवळसर. गडद निळा, हिरवा किंवा कुळकुळीत काळा दिसला की बहुधा कोबाल्ट, मँगनीज असलं काहीतरी मिसळलेलं असतं. ते लगेच विष झालं असं नाही, पण मातीचा म्हणून जो रंग विकतात तो मातीचा नाही.

माझी पहिली किटली काळीच होती. बुडाला ऐटबाज शिक्का. उकळतं पाणी ओतलं तर बूटपॉलिशसारखा वास, तीनदा उकळूनही गेला नाही. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती करणाऱ्या एका ओळखीच्या काकांना दाखवली. त्यांनी असली किटली जन्मात पाहिली नव्हती. आत बोट फिरवलं आणि म्हणाले, “ओतीव हाय की हे. भाईर फुगवटा हाय तिथं आत खळगा लागतोय बघा.” ज्याचं आयुष्य साच्यात गेलं त्याला साचा लगेच कळतो.

यीशिंगची पारंपरिक किटली चाकावर होत नाही. माती थापून पत्रा करतात, पट्टी गोल वळवून सांधतात आणि लाकडी थापीनं ठोकत पोट काढतात. साच्यात पत्रा दाबून केलेल्याही चांगल्या असतात, त्यांना नाक मुरडू नका. ओतीव माल, म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेला, मात्र टाळा. म्हणून विक्रेत्याकडून आतला फोटो मागाच. आतला सांधा दिसला तरी हुरळून जाऊ नका, तोही मुद्दाम ओरखडून दाखवतात. शिक्क्याचं तर बोलूच नका. पापाच्या तिकटीला रेक्झिनच्या चपलेवरही ‘कोल्हापुरी’ छाप मिळतो, तसंच ते.

हातात आल्यावर तोटीचं टोक, तोंडाची कड आणि कानाचा माथा एका रेषेत आहेत का बघा (काही घाटांत मुद्दाम नसतात). पाणी भरून ओतताना झाकणाच्या भोकावर बोट ठेवा. झाकण नीट बसत असेल तर धार थांबते. यावरून कारागिरी कळते, माती नाही. झाकण वाजवून नाद ऐकायचा सल्ला मिळेल, तो मी मानत नाही. वास हीच मोठी परीक्षा: रिकाम्या किटलीत उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण, मग हुंगा. पावसात भिजलेल्या मातीसारखा वास चालेल, रंगाचा-तेलाचा नको.

मापही वाचा. फोटोत मोठी दिसते, निघते १२० मिलीची. आमच्या आईनं बघून विचारलं, “ह्यात काय मांजराचा चहा करणार?” पाणी कमी, पानं जास्त घालून त्याच पानांवर अनेकदा पाणी ओतायची तिथली पद्धत आहे, म्हणून ती लहान.

पैसे कमीच घालायचे असतील तर यीशिंगच्या नावामागे जाऊ नका. युन्नानमधल्या जिआनश्वेची, नाहीतर ग्वांगडोंगमधल्या चाओझोउची लाल किटली बघा. नाव कमी गाजलेलं, त्यामुळे त्याच पैशात काम जास्त मिळतं. कस्टमची ड्युटी वेगळी धरा.

आणि आपला दूध-साखरेचा चहा यात करणार असाल तर स्टीलचं पातेलंच बरं. बिनझिलईच्या भांड्यात दूध मुरतं, मग वास हटत नाही. साबणही तसाच मुरतो. माझी दुसरी किटली, चांगली विटकरी, एका दिवाळीच्या साफसफाईत भांड्यांच्या साबणानं घासली गेली. पुढचे पंधरा दिवस मी लिंबाच्या वासाचा ऊलाँग (चिनी चहाचा एक प्रकार) प्यायलो.