स्लॉथ आणि गोलकृमी: सुरुवात पोटापासून करा

ताई, लेकीला 'स्लॉथ आणि गोलकृमी यांची तुलना' असा प्रकल्प मिळालाय आणि 'एकाला कणा आहे, दुसऱ्याला नाही' यापुढे गाडी सरकत नाही म्हणता. गुहागरकडे बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून सांगतो. तक्ता राहू दे, पोटापासून सुरुवात करा. मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

दोघांनाही तोंडापासून गुदद्वारापर्यंत आरपार नळी आहे. पण स्लॉथ, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला झाडावर लटकणारा संथ सस्तन प्राणी, खातो झाडाचा पाला. त्यात कस कमी, आणि तो जिरायला कित्येक दिवस लागतात. तीन बोटांचा स्लॉथ तर शौचाला आठवड्यातून साधारण एकदाच खाली उतरतो. सगळाच कारभार काटकसरीचा. अंगाचं तापमानही हवेबरोबर वरखाली होतं. केसांत शेवाळ धरतं, आपल्या चिऱ्याच्या गडग्यावर पावसात धरतं तसं.

आता मातीतला सी. एलिगन्स नावाचा गोलकृमी घ्या. जेमतेम १ मिलिमीटरचा, जिवाणू खाणारा. हा भरपेट असला की दर ४५-५० सेकंदांनी मोकळा होतो! अंगात द्रवाचा दाब एवढा, की दार उघडलं की आतलं आपसूक बाहेर. त्याच दाबाच्या जोरावर तो हलतोही. त्याचे स्नायू फक्त लांबीच्या दिशेचे, गोलाकार नाहीत. म्हणून गांडुळासारखं आखडणं-लांबणं जमत नाही, नुसता सापासारखा वळवळतो. चेतापेशी मोजून ३०२.

पिलांचं थोडक्यात: स्लॉथला एका वेळी एक. माणसाच्या आतड्यातल्या मोठ्या जंताची (हाही गोलकृमीच) मादी मात्र दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी देतात ती उगाच नाही.

आणि हो, 'स्लॉथ म्हणजे अस्वल' असं लिहू देऊ नका. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांनी आपल्या अस्वलाला स्लॉथच्या गोतात बसवलं होतं, तो घोळ 'स्लॉथ बेअर' या इंग्रजी नावात अजून आहे.

स्लॉथ काही दाखवता येणार नाही, कृमी येईल. माडाच्या आळ्यातली मूठभर ओली माती फडक्यात सैल बांधा आणि रात्रभर पेल्यातल्या पाण्यात बुडेल अशी टांगा. सकाळी पुरचुंडी हलकेच काढून तळाचा थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. वळवळ दिसली नाही, तर केळीच्या बुंध्याजवळची माती घेऊन बघा.