सिंगलच्या बी-साइड म्हणजे उरलीसुरली गाणीच ना?

'रॉक बँड सिंगलच्या (एका मुख्य गाण्यासाठी काढलेल्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला, म्हणजे बी-साइडला, टाकाऊ गाणी ढकलतात, मग लोक ती एवढी शोधत का बसतात?' असं तुम्ही विचारलंय. बहुतेक बँडच्या बाबतीत तुमचं खरंच आहे. पण ओअ‍ॅसिस या ब्रिटिश रॉक बँडची 'सम माइट से' ही सिंगल एकदा ऐका.

ती एप्रिल १९९५ मध्ये आली. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेली त्यांची ही पहिलीच सिंगल. गाणं दणदणीत आहे, वादच नाही. पण सीडीवर त्याच्यासोबत आणखी तीन गाणी होती. त्यातलं 'हेडश्रिंकर' म्हणजे नुसता धिंगाणा, ते सोडा. 'अ‍ॅक्विएस'मध्ये मात्र कडवी बँडचा गायक लिअम गातो आणि ध्रुवपद त्याचा भाऊ नोएल. लिअमचा खरखरीत, भांडायला उठलेला आवाज आणि त्यावर एकदम मोकळा होणारा नोएलचा सूर. लोक म्हणतात, हे या दोन भावांवरचंच गाणं. नोएल नाही म्हणतो. ऐकताना मला तरी त्याचं पटत नाही.

तिसरं 'टॉक टुनाइट'. १९९४ च्या अमेरिका दौऱ्यात लॉस एंजेलिसचा कार्यक्रम पार फसला आणि नोएल बँड सोडून सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. तिथे एका मुलीने त्याची समजूत घातली, त्यातून हे गाणं आलं. आरडाओरडा नाही, नोएल एकटा गातो.

इतकी चांगली गाणी मागे का गेली? सीडी सिंगल विकायची तर सोबत दोन-तीन नवी गाणी द्यावी लागत, आणि लिहिणारा नोएल त्या काळात सुसाट सुटला होता. पुढे १९९७ च्या अल्बममध्ये गाणी नुसती ताणत नेलेली ऐकली की वाटतं, ही बी-साइडची गाणी जरा राखून ठेवली असती तर!

आमच्याकडे तेव्हा अल्बमच्या कॅसेटी मिळायच्या, परदेशी सिंगल कुठल्या मिळायला? १९९८ मध्ये 'द मास्टरप्लॅन' हा बी-साइडचाच संग्रह निघाला, तेव्हा कुठे मी ही गाणी ऐकली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आणि २०२५ मध्ये दोघे भाऊ कार्डिफला पुन्हा एकत्र उभे राहिले, तेव्हा कार्यक्रमात दुसऱ्या क्रमांकालाच 'अ‍ॅक्विएस' होतं. 'सम माइट से'चा नंबर चौथा लागला.