यूएक्स रिसर्चच्या कोर्ससाठी आप्पांची एफडी मोडू का?

प्रश्न थोडक्यात असा. ताईंचं गाव यावल तालुक्यातलं, पुण्यातून मानववंशशास्त्रात एमए केलंय, आता चोपड्याला एका संस्थेत कंत्राटावर 22,000 पगार. यूएक्स रिसर्चमध्ये (लोक एखादं ॲप किंवा मशीन कसं वापरतात, कुठे अडतात याचा अभ्यास) जायचंय, त्यासाठी 6 महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, फी 2.80 लाख, तीही "नो कॉस्ट ईएमआय"वर, नाहीतर आप्पा केळीच्या पैशातून केलेली 4 लाखांची एफडी मोडायला तयार आहेत, जी खरं तर धाकटीच्या लग्नासाठी ठेवलीय.

ताई, लाइन चांगली निवडलीय, पण हा कोर्स घेऊ नका असंच मी म्हणेन. मानववंशशास्त्रवाल्यांचं हे काम काही आजचं नाही, ल्युसी सचमन 1980च्या दशकात झेरॉक्समध्ये माणसं कॉपी मशीनसमोर कुठे अडतात ते बघत होत्या, जेनेव्हिव्ह बेल 1998 ला इंटेलमध्ये गेल्या. मुलाखत घेणं, गप्प बसून बघणं, माणूस सांगतो एक अन् करतो दुसरंच हे पकडणं, हे तुम्ही फील्डवर्कमध्ये करून आलाय. त्याचेच परत पैसे कशाला?

आता हिशेब बघा. आधी विचारा की 2.80 मध्ये जीएसटी धरलाय का, नसेल तर 18 टक्क्यांनी आकडा 3,30,400 होतो. 24 हप्ते केले तर महिन्याला साधारण 13,770, म्हणजे आजच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. आणि नो कॉस्ट म्हणजे काय, तर व्याज फीमध्येच घातलेलं असतं, रोख भरते म्हटलं की बऱ्याचदा फी खाली येते, एकदा विचारून तर बघा. शिवाय हे लोन क्लासचं नसतं, मागे एखादी एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी) असते, क्लास आवडला नाही, मध्येच सोडला, तरी हप्ता चालूच आणि चुकला तर सिबिल तुमचाच खराब.

तुमच्याकडे नाहीये तो पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला केलेल्या कामाचे नमुने, आणि तो घरबसल्या होतो. ई-पीक पाहणीचं ॲप घ्या. गावातल्या पाच शेतकऱ्यांसोबत बांधावर उभं राहा, त्यांना त्यांच्या फोनवर केळीची नोंद करू द्या, तुम्ही मदत करायची नाही, फक्त बघायचं. गट नंबर निवडताना कोण थांबतं, फोटो काढताना उन्हात स्क्रीन दिसते का, कोण सरळ पोराच्या हातात फोन देतं. मग काय बदलायला हवं ते आठ-दहा पानांत लिहा. असे दोन-तीन अभ्यास झाले की मुलाखतीत दाखवायला सर्टिफिकेटपेक्षा जास्त दम असलेली गोष्ट हातात असते, खर्च पेट्रोल अन् चहाचा. फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) वगैरे लागेल तेवढं फुकट शिकता येतं.

एक खरं सांगतो, रिसर्चच्या जागा डिझायनरपेक्षा कमी असतात, 2022-23 च्या ले-ऑफमध्ये रिसर्चवाल्यांच्याही नोकऱ्या गेल्या. म्हणून तर डोक्यावर हप्ता नको म्हणतोय, पहिली नोकरी मिळायला वर्ष लागू शकतं.

माझं मत असं, अजून सहा-आठ महिने चोपड्याची नोकरी धरून ठेवा, महिन्याला सात-आठ हजार आरडीत टाका, रविवारी पोर्टफोलिओ. मग पुण्यात जाऊन शोधा, कॉट बेसिस अन् मेस धरून महिना 14-15 हजार समजा, तीन-चार महिन्यांचं तर तुमचंच निघेल. कमी पडलं तर आप्पांनी एफडी मोडायची नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्यायचा, बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा 1-2 टक्के जास्त लावतात आणि वापराल तेवढ्यावरच व्याज. बहिणीच्या लग्नाची तारीख वर्षभरात असेल तर तेही नको, राहूच द्या ती एफडी.

डिग्रीच हवी वाटली तर सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये एमडेस (डिझाइनमधली मास्टर्स) करा. त्याला बँकेचं एज्युकेशन लोन मिळतं, हप्ता सहसा कोर्स संपल्यावर सुरू होतो, व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूटही आहे, फक्त जुन्या टॅक्स रेजिममध्ये (22,000 पगारावर टॅक्सच नाही, तेव्हा ती पुढची गोष्ट).

आणि काऊन्सेलर "आजच सीट ब्लॉक करा" म्हणून फोन करत असेल ना, त्याला सांगा आधी लोनचं "की फॅक्ट स्टेटमेंट" (कर्जाचा दर, खर्च, अटी एका जागी लिहिलेला कागद) मेल कर, त्यात वार्षिक दर किती लिहिलाय ते वाचा, तोपर्यंत ओटीपी कुणालाच सांगू नका.