कोरोनरी फिस्टुला छत्रीने बंद केल्यावरही गोळ्या का लागतात?

उदगीरहून तुम्ही विचारलंय: ६ वर्षांच्या मुलीच्या उजव्या कोरोनरी धमनीतून (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमनीतून) रक्त एका जन्मजात जादा वाटेने, म्हणजे फिस्टुलातून, थेट हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात जातंय. मांडीतून नळी घालून ती वाट बुजवणारी छत्री बसवणार, छाती उघडणार नाहीत, मग नंतर महिनोन्महिने गोळ्या कशासाठी?

कारण धमनीच्या रुंदीत आहे. जन्मापासून जादा रक्त वाहून ती फुगलेली असते. चारीचं दार लावलं की भरलेल्या पाटात पाणी तुंबतं, तसं छत्री बसल्यावर त्या रुंद धमनीत रक्त मंदावतं आणि गोठू शकतं. गुठळी मागे वाढत निरोगी फांदीच्या तोंडाशी आली, तर हार्ट अटॅक येतो.

म्हणून आधी सीटी अँजिओत (धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) दोन गोष्टी नीट बघायला हव्यात: शेवटची निरोगी फांदी कुठे फुटते आणि फिस्टुला किती तोंडांनी उघडतो. तोंडं अनेक असतील किंवा वळणं फार असतील तर शस्त्रक्रियाच बरी.

छत्री बसवताना मांडीच्या धमनीतून बारीक तार फिस्टुलातून उजव्या कप्प्यात उतरवतात, फासात पकडून मांडीच्या शिरेतून बाहेर काढतात. मग जाड नळी शिरेकडून चढते, मुलीची नाजूक धमनी वाचते. या वेळी रक्त गोठू नये म्हणून किलोमागे साधारण १०० युनिट हेपरिन देतात. छत्री सोडण्याआधी तिच्या जागी फुगा फुगवून वाट तात्पुरती बंद करतात आणि ५ ते १० मिनिटं ईसीजी बघतात. बदल दिसला तर ती जागा चुकीची. प्लग (बुचासारख्या) प्रकारची छत्री फिस्टुलाच्या अरुंद भागापेक्षा ३० ते ५० टक्के मोठी घेतात. लहान पडली तर निसटून फुफ्फुसाच्या धमनीत जाते, मग फासाने काढावी लागते.

घरी आल्यावर लघवी चहासारखी गडद दिसली तर त्याच दिवशी कळवा. छत्रीजवळ उरलेल्या फटीतून जोरात जाताना रक्तातल्या तांबड्या पेशी फुटत असू शकतात.

अ‍ॅस्पिरिन ही गुठळी रोखणारी गोळी किलोमागे रोज ३ ते ५ मिलिग्रॅम असते, धमनी फारच रुंद असेल तर रक्त गोठणं कमी करणारं वॉरफरिनही. मनाने बंद करू नका. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) कुठे, किती दिवसांनी तपासायचा, हे सुट्टीआधीच ठरवून घ्या. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा परिणाम बदलतो, पण मेथी, करडईची भाजी सोडायची नाही, फक्त प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. कांजिण्या किंवा फ्लूसारखा ताप आला तर अ‍ॅस्पिरिनबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. पहिले ६ महिने दात काढण्याआधी छत्रीची कल्पना द्या, अँटिबायोटिक लागतं.

खर्चासाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात इकोचा रिपोर्ट घेऊन जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे.